शिपायाची वही आणि ‘यादवी’ हा शब्द



आजचा आपला विषय आहे अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या चार वर्षांत, साध्या शिपायांनी लिहिलेल्या रोजनिशा. लढायांचे नकाशे आणि सेनापतींचे डावपेच आज आपण बाजूला ठेवणार आहोत. त्यावर कपाटंच्या कपाटं भरतील एवढे ग्रंथ आहेत. आपला प्रश्न समीक्षेचा आहे. शिपायाची रोजनिशी हा नेमका कोणत्या जातीचा मजकूर आहे? त्याच्यावर विश्वास कोणत्या बाबतीत ठेवायचा? आणि तिच्यातलं रोजचं जगणं वाचताना आपल्या हातून काय निसटतं? आपण इथे मुख्यतः शेवटच्या प्रश्नासाठी जमलो आहोत असं समजा. कारण आमचं म्हणणं असं आहे की या रोजनिशांचं मोठं कौतुक झालं, ते योग्यच झालं, पण त्या कौतुकात एक फार मोठी गोष्ट हळूच बाजूला सरकली.

आधी वस्तूकडे पाहू. तत्त्वज्ञानाच्या माणसाला वस्तूकडे पाहायची सवय नसते, असा आमच्यावर नेहमीचा आरोप आहे. म्हणून मुद्दामच पाहू.

त्या काळात अमेरिकेत छापील खिशातल्या डायऱ्या विकत मिळत. चामड्याचं किंवा कापडी वेष्टण, तळहातात मावेल एवढा आकार, आणि पुष्कळदा एका पानावर तीन दिवस छापलेले. म्हणजे एका दिवसाला जेमतेम पाच-सहा ओळी. मागे जमाखर्चाची पानं. लिहायला शिसपेन्सिल, कारण शाईची दौत सांभाळत कूच कोण करणार! आता यातली गंमत बघा. छापणाऱ्याने प्रत्येक दिवसाला सारखीच जागा दिलेली आहे. ज्या दिवशी कपडे धुतले त्या दिवसाला जेवढी, तेवढीच गेटिसबर्गच्या दिवसाला. शिपायाने काय लिहावं हे ठरायच्या आधीच किती लिहावं हे कागदाने ठरवून टाकलेलं असतं. आपण म्हणतो, ‘किती संयमित लिहिलंय बघा, मरणाच्या दारातही दोनच ओळी!’ अहो, जागाच तेवढी होती. संयम खरा असेलही, पण शैलीचं श्रेय देताना कागदाचा वाटा आधी वजा केला पाहिजे.

दुसरं म्हणजे ही वही रोजनिशी आणि रोजकीर्द यांच्या मधली आहे. आपल्याकडे पेढीवर आणि दप्तरात रोजकीर्द असते: आज काय आलं, काय गेलं. शिपायाची नोंदही पुष्कळदा तशीच असते. पाऊस. पहारा. कवायत दोनदा. घरचं पत्र आलं नाही. अमक्याला हगवण, इस्पितळात पाठवला. बारा मैल चाल. कॉफी मिळाली. ज्याला यात ‘अंतरंग’ शोधायचं असेल त्याची निराशा होते. एकोणिसाव्या शतकातल्या या शेतकऱ्याच्या, सुताराच्या, शाळामास्तराच्या मुलाने मन उकलून दाखवण्यासाठी वही घेतलेलीच नसते. दिवस मोजण्यासाठी घेतलेली असते. आणि ज्याला आपला उद्या आहे की नाही हे माहीत नाही त्याने आजचा दिवस मोजून ठेवणं, ही काही लहान गोष्ट नाही.

आता त्या दिवसांत होतं काय? सैन्यातल्या शिपायाचा बहुतेक वेळ लढाईत जात नाही, तो वाट पाहण्यात जातो. उत्तरेच्या सैन्यात मुख्य अन्न होतं ते हार्डटॅक, म्हणजे पीठ आणि पाणी यांचं दगडासारखं कडक चौकोनी बिस्किट. ते कॉफीत बुडवून मऊ करायचं. आत अळ्या असल्या तर त्या वर तरंगतात, काढून टाकायच्या आणि खायचं. खारवलेलं डुकराचं मांस. आणि कॉफी. बिया बंदुकीच्या दस्त्याने ठेचायच्या, डब्यात उकळायच्या. जॉन बिलिंग्ज नावाच्या तोफखान्यातल्या शिपायाने १८८७ साली सैन्यातल्या रोजच्या आयुष्यावर जे पुस्तक काढलं, त्याचं नावच मुळी ‘हार्डटॅक अँड कॉफी’. दक्षिणेकडे बंदरांची नाकेबंदी झालेली, त्यामुळे खरी कॉफी दुर्मिळ. भाजलेला मका, चिकोरी, जे मिळेल त्याचं काळं पाणी करून प्यायचं. हिवाळ्यात लाकडी ओंडक्यांच्या झोपड्या बांधायच्या, त्यात उवांशी सामना करायचा, पत्ते खेळायचे.

आणि रोग. या युद्धातल्या मृतांचा आकडा बराच काळ सुमारे ६,२०,००० मानला जात असे. २०११ मध्ये जे. डेव्हिड हॅकर या अभ्यासकाने जनगणनेच्या आधारे तो सुमारे ७,५०,००० पर्यंत असावा असं मांडलं. यातला आपल्या विषयाला लागणारा भाग असा की मरणाऱ्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश माणसं गोळीने मेली नाहीत. ती हगवण, विषमज्वर, गोवर, न्यूमोनिया यांनी मेली. खेड्यातली मुलं पहिल्यांदाच हजारोंच्या गर्दीत आली होती. गोवर लहानपणी न झालेला, छावणीत झाला. पाणी आणि शौचाची जागा यांत पुरेसं अंतर नाही. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात युद्ध म्हणजे लढायांची यादी असते. रोजनिशीत युद्ध म्हणजे पोट बिघडणं असतं. आकडे बघितले तर रोजनिशी जास्त बरोबर आहे.

इथे रोजनिशीचा पहिला मोठा गुण लक्षात येतो. लिहिणाऱ्याला शेवट माहीत नाही. अॅरिस्टॉटलने कथानकाला आरंभ, मध्य आणि अंत हवा असं सांगितलं. रोजनिशीला फक्त मध्य असतो. १८६२ च्या उन्हाळ्यात लिहिणाऱ्याला हे युद्ध आणखी तीन वर्षं चालेल हे ठाऊक नाही. तो नाताळपर्यंत घरी जाण्याच्या गोष्टी करतो. आठवणी लिहिणाऱ्याचं तसं नसतं. त्याला शेवट माहीत असतो आणि तो नकळत प्रत्येक प्रसंगाला त्या शेवटाकडे वळवत नेतो. आपल्याकडे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपण सगळ्यांनी वाचलेला असतो. १८५७ चा तो प्रत्यक्षदर्शी वृत्तांत, पण कागदावर आला कित्येक वर्षांनी. त्याची गोडी त्या अंतरातच आहे, आणि त्याच्याविषयीची सावधगिरीही त्या अंतरातूनच येते.

अमेरिकेतही असंच आहे, आणि तिथे घोटाळा असा की आठवणी पुष्कळदा रोजनिशीचा अंगरखा घालून येतात. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं सॅम वॉटकिन्सचं. टेनेसीच्या पहिल्या पायदळ पलटणीतला, ‘एच’ कंपनीचा साधा शिपाई. त्याचं ‘कंपनी एच’ हे पुस्तक दक्षिणेच्या शिपायाचं सर्वांत लाडकं पुस्तक आहे. विनोदी, खोडकर, मधेच अंगावर काटा आणणारं. पण ते त्याने १८८१-८२ मध्ये, युद्धानंतर सोळा-सतरा वर्षांनी, वर्तमानपत्रात क्रमशः लिहिलं. त्याने ते कुठे लपवलेलं नाही. मात्र आज ते वाचताना वाचक आपण छावणीत बसलो आहोत असं समजतो, आणि विनोद छावणीतला की घरच्या ओसरीवरचा हे विचारायचं विसरतो.

दुसरं मेरी चेस्नटचं. ती शिपाई नव्हती, दक्षिणेतल्या एका बड्या राजकारण्याची बायको होती. पण या युद्धातली सर्वांत प्रसिद्ध ‘डायरी’ तिचीच. १९०५ मध्ये ती छापली गेली, आणि वाचकांनी ती दिवसागणिक लिहिलेली नोंद म्हणूनच वाचली. प्रत्यक्षात तिने १८८० च्या दशकात मूळ वह्या समोर ठेवून मजकूर मोठ्या प्रमाणात पुन्हा लिहिला होता. सी. व्हॅन वुडवर्ड यांनी १९८१ मध्ये काढलेल्या आवृत्तीत हे नीट दाखवून दिलं. ती आवृत्ती पुलित्झर पारितोषिकाला पात्र ठरली. म्हणजे ‘रोजनिशी’ हा इथे पुराव्याचा प्रकार राहिलेला नाही, तो वाङ्मयप्रकार झाला आहे. त्याने पुस्तक कमी प्रतीचं ठरत नाही. पण १८६१ च्या तारखेखाली १८८१ ची समज बोलत असेल, तर वाचकाला ते कळलं पाहिजे.

तिसरं जॉन रॅन्समचं. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे उत्तरेच्या युद्धकैद्यांची छावणी होती. साधारण ४५,००० कैदी तिथे गेले आणि जवळजवळ १३,००० तिथेच मेले. रॅन्समची ‘अँडरसनव्हिल डायरी’ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अफाट वाचली गेली. मूळ वही मात्र तपासायला उपलब्ध नाही, आणि तिच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांनी गंभीर शंका घेतलेल्या आहेत. छावणीतली उपासमार खरी, मृत्यू खरे. ‘आज लिहिलं’ हा दावा मात्र संशयास्पद. आता प्रश्न असा की सगळं खरंच असेल तर हा दावा खोटा असल्याने काय बिघडतं? आमच्या मते बरंच बिघडतं. साक्षीदाराची साक्ष खरी आहे, पण तो त्या दिवशी त्या जागी होता की नव्हता हे ठरत नाही, असं कोर्टात झालं तर काय होतं, तेच इथे होतं.

या सगळ्यावर कळस म्हणजे कोल्ड हार्बरची कथा. जून १८६४, व्हर्जिनिया. हल्ल्याच्या आदल्या रात्री शिपाई आपल्या कोटांवर नाव-गाव लिहिलेल्या चिठ्ठ्या लावत होते, असं जनरल ग्रँटचे सहायक होरेस पोर्टर यांनी १८९७ च्या पुस्तकात लिहिलं आहे. त्या काळी सैन्याकडून ओळखीचा बिल्ला मिळत नसे. प्रेत निनावी राहू नये एवढीच इच्छा. याच्या जोडीला आणखी एक कथा फिरते: एका मृत शिपायाच्या खिशात रक्ताने माखलेली डायरी सापडली आणि त्या दिवसाच्या तारखेखाली स्वतःच्याच मृत्यूची नोंद होती. कथा इतकी नेमकी आहे की तिथेच शंका यावी. आणि अभ्यासकांनी ती घेतली आहे. पण आपल्याला रस आहे तो ती टिकून का राहिली यात. ती टिकली कारण आपल्याला रोजनिशीला शेवट हवा असतो. जिला फक्त मध्य आहे तिला आपण बाहेरून अंत आणून जोडतो. खरी रोजनिशी संपते ती कोऱ्या पानांवर. एखाद्या मंगळवारी पावसाची नोंद असते आणि बुधवारपासून काहीच नाही. त्या कोऱ्या पानांचं वाचन कसं करायचं हे आपल्याला समजत नाही, म्हणून आपण गोष्ट रचतो.

आता या कौतुकाच्या इतिहासाकडे येऊ. साध्या शिपायाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याचं मोठं श्रेय बेल अर्विन वायली यांना जातं. १९४३ मध्ये त्यांनी ‘द लाइफ ऑफ जॉनी रेब’ लिहिलं, दक्षिणेच्या शिपायावर. १९५२ मध्ये ‘द लाइफ ऑफ बिली यँक’, उत्तरेच्या. पत्रं, रोजनिशा, यांचे ढीग त्यांनी उपसले. शिपाई खातो काय, गातो काय, शिव्या कुठल्या देतो, घाबरतो कधी, हे सगळं त्यांनी इतिहासात आणलं. सेनापतीच्या घोड्यावरून इतिहासाला खाली उतरवलं म्हणा ना. हे काम मोठं आहे यात वाद नाही.

पण या दोन पुस्तकांची रचनाच पाहा. दोन शिपाई, दोन टोपणनावं, दोन्हीकडे तीच प्रकरणं: अन्न, तंबू, आजार, करमणूक, शिस्त. शेजारी शेजारी ठेवली की दोघं भाऊ वाटतात. आणि वायलींचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता: बहुतेक शिपायांना विचारसरणीशी फारसं देणंघेणं नव्हतं, आणि दोघांत फरकापेक्षा साम्यच जास्त होतं. आता उवा दोघांनाही चावत होत्या हे खरंच आहे. परंतु उवांच्या अभ्यासातून माणूस कशासाठी लढत होता हे कळेल अशी अपेक्षा करणं, ही पद्धतीची चूक आहे. ज्या चाळणीतून फक्त रोजचं जगणं खाली पडतं, त्या चाळणीत कारण वरच अडकून राहणार. आणि मग आपण म्हणणार, ‘कारण काही सापडलं नाही बुवा!’

याला उत्तर मिळालं, पण अर्धशतकाने. जेम्स मॅकफर्सन यांनी १९९७ मध्ये ‘फॉर कॉज अँड कॉम्रेड्स’ लिहिलं. १,०७६ शिपायांची पंचवीस हजारांहून अधिक पत्रं आणि २४९ रोजनिशा त्यांनी वाचल्या. पत्रांवर त्या वेळी लष्करी कात्री नसे, शिपाई बहुतेक साक्षर होते, त्यामुळे पुरावा मुबलक. त्यांना दिसलं की शिपाई कारणाबद्दल बोलतात, बरंच बोलतात. पुढे २००७ मध्ये शँड्रा मॅनिंग यांनी याहून ठामपणे मांडलं की दोन्हीकडच्या साध्या शिपायांना हे युद्ध गुलामगिरीवरून चाललं आहे याची स्पष्ट जाणीव होती. तेच ते कागद, तेच ते शिपाई. विचारायचा प्रश्न बदलला आणि उत्तर निघालं.

यात एक बारकावा आहे. मॅकफर्सन यांना दक्षिणेच्या शिपायांच्या लिखाणात गुलामगिरीचा बचाव उत्तरेकडच्या टीकेपेक्षा कमी दिसला. त्याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण विचार करण्यासारखं आहे: ज्या गोष्टीबद्दल आपसात वादच नाही तिच्याबद्दल माणूस लिहीत बसत नाही. आमच्या मते रोजनिशी वाचण्याची ही गुरुकिल्ली आहे. हवा रोज बदलते म्हणून तिची नोंद होते. जमीन बदलत नाही म्हणून तिची नोंद होत नाही. म्हणून रोजनिशीतलं मौन म्हणजे अभाव नव्हे. कधी कधी ते इतकं पक्कं असतं की त्यावरच घर उभं असतं. दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी मार्च १८६१ मधल्या भाषणात गुलामगिरी आणि वंशभेद हाच आपल्या नव्या राज्याचा पाया असल्याचं उघड सांगितलं होतं. पायाची नोंद रोजच्या वहीत कोण करतो?

याच नजरेने एकदा कॉफीकडे परत पाहू. दक्षिणेच्या छावणीतल्या वहीत ‘जेवण झालं, मग पत्र लिहिलं’ असं असतं. ते जेवण रांधलं कोणी? पुष्कळ अधिकाऱ्यांनी, आणि सधन घरच्या काही शिपायांनीही, घरचे गुलाम छावणीत आणले होते. स्वयंपाक, धुणं, घोडे त्यांच्याकडे. खंदक खणायला गुलामांच्या टोळ्या लावल्या जात. ‘जेवण झालं’ या वाक्यात कर्ता नाही. मराठी व्याकरण शिकवताना आपण याला सहज पुढे जाऊ देतो. इथे जाऊ देता कामा नये. रोजच्या जगण्याचा अभ्यास करायचा तर त्या वाक्याचा कर्ता शोधणं हाच तो अभ्यास.

सुदैवाने तो कर्ता स्वतः बोलतो अशाही वह्या आहेत. त्यांतल्या दोन घेऊ.

विल्यम गूल्ड हा उत्तर कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनचा गुलाम. गिलाव्याचं काम करणारा कारागीर. २१ सप्टेंबर १८६२ च्या रात्री तो आणि आणखी सात जण एका होडीतून केप फिअर नदीने समुद्राकडे निघाले आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या ‘केंब्रिज’ या युद्धनौकेने त्यांना घेतलं. तोच दिवस, २२ सप्टेंबर, लिंकन यांनी मुक्तीची प्राथमिक घोषणा केली तो. त्यांना एकमेकांची खबर असण्याचं कारणच नव्हतं. गूल्ड नौदलात भरती झाला आणि त्याच महिन्यात त्याने रोजनिशी लिहायला घेतली, ती १८६५ पर्यंत. गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत कायद्याने बंद असताना, हा माणूस सुरेख अक्षरात तारीखवार लिहितो. त्याच्या पणतूने, कायद्याचे प्राध्यापक विल्यम गूल्ड चौथे यांनी, ती २००२ मध्ये ‘डायरी ऑफ अ काँट्रबँड’ या नावाने संपादित करून छापली.

त्या नावातला ‘काँट्रबँड’ हा शब्द पाहा. शत्रूचा जप्त केलेला माल, असा त्याचा अर्थ. पळून आलेल्या गुलामांना उत्तरेचं सैन्य याच नावाने ओळखत असे, कारण माणूस म्हणून मुक्त करण्याचा कायदा अजून व्हायचा होता. माल म्हणून जप्त करण्याची सोय होती. आता गूल्डच्या वहीत असतं काय? हवा. जहाजाची दिशा. दिसलेली गलबतं. कोळसा भरला. पत्रं आली, पत्रं पाठवली. म्हणजे वायलींच्या चाळणीतून पडेल असंच सगळं. पण हे लिहिणारा कालपर्यंत कायद्याने वस्तू होता. वस्तू रोजनिशी लिहीत नाही. ‘आज हवा स्वच्छ’ हे वाक्य गोऱ्या खलाशाने लिहिलं तर ती हवेची नोंद. गूल्डने लिहिलं तर आजचा दिवस माझा आहे, याची ती नोंद आहे. शब्द तेच, पण विधान वेगळं. तत्त्वज्ञानात आम्ही वर्षानुवर्षं शिकवतो की वाक्याचा अर्थ त्याच्या वापरात असतो. याहून चांगलं उदाहरण आम्हाला वर्गात कधी देता आलं नाही.

दुसरा ख्रिश्चन फ्लीटवुड. बाल्टिमोरचा, जन्माने स्वतंत्र कृष्णवर्णीय, शिकलेला. चौथ्या कृष्णवर्णीय पलटणीत सार्जंट-मेजर. १८६४ ची त्याची छोटी डायरी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. २९ सप्टेंबर १८६४ ला रिचमंडजवळ चॅफिन्स फार्मच्या हल्ल्यात निशाणवाले एकामागून एक पडले, तेव्हा त्याने निशाण उचललं. त्यासाठी त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. त्या दिवसाची त्याची नोंद कॉफीपासून सुरू होते. मग रांग, हल्ला, पलटणीची वाताहत, निशाण वाचल्याचा उल्लेख. सगळं तारेच्या भाषेत. स्वतःच्या पराक्रमाबद्दल फुशारकीचं एक अक्षर नाही.

पण या कॉफीची किंमत वेगळी होती. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय शिपाई होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, आणि त्यातूनही कपड्यांसाठी ३ कापलेले. काही पलटणींनी असा पगार घेण्यास महिनोन्‌महिने नकार दिला. दक्षिण कॅरोलिनाच्या तिसऱ्या पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर याने समान पगार मिळेपर्यंत शस्त्रं खाली ठेवायला लावली. फेब्रुवारी १८६४ मध्ये बंडाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. समान पगाराचा कायदा त्याच वर्षी जूनमध्ये झाला. शिवाय पकडले गेलो तर काय, हा प्रश्नही वेगळा होता. एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो इथे शरण आलेल्या कृष्णवर्णीय शिपायांची कत्तल झाली होती. सर्व शिपायांचं रोजचं जगणं एकसारखंच, हे विधान पगाराच्या दिवशीच खोटं पडतं.

रॅपहॅनॉक नदीची गोष्ट या प्रकाशात वाचून पाहा. १८६२-६३ च्या हिवाळ्यात नदीच्या दोन काठांवर दोन सैन्यं होती. पहाऱ्यावरचे शिपाई लहानशा होड्या करून पाण्यात सोडत: इकडून कॉफी, तिकडून तंबाखू. मधेच वर्तमानपत्रांची अदलाबदल. ही गोष्ट खरी आहे, आणि सुंदरही आहे. शत्रूत माणूस दिसणं याचं मोल आम्ही कमी करणार नाही. पण त्या नदीवर तिसरा माणूसही होता. दक्षिणेकडून पळून जो त्याच पाण्यातून उत्तरेच्या काठावर यायला बघत होता, त्याला या तंबाखूच्या होडीत जागा नव्हती. आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा नदीला दोनच काठ असतात, आणि काठांवर दोनच भाऊ.

हीच रीत पडद्यावरही आली. केन बर्न्स यांची १९९० ची ‘द सिव्हिल वॉर’ ही माहितीपट-मालिका आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. उत्तरेकडून ऱ्होड आयलंडच्या दुसऱ्या पलटणीतला एलिशा हंट ऱ्होड्स, शिपाई म्हणून लागला आणि कर्नल होऊन परतला, तो आपल्या डायरीतून बोलतो. दक्षिणेकडून सॅम वॉटकिन्स. त्या मालिकेने गुलामगिरी लपवली असं म्हणणं अन्यायाचं होईल. ती तिथे ठळक आहे. पण प्रेक्षकाच्या कानात काय राहतं? पहिल्या भागाच्या अखेरीला वाचलेलं सलिव्हन बलूचं बायकोला लिहिलेलं पत्र, आणि मागे व्हायोलिन. बलू ऱ्होड्सच्याच पलटणीतला. त्या पत्राचं मूळ हस्ताक्षर सापडलेलं नाही, नकला आहेत. पत्र अप्रतिम आहे, म्हणूनच ते निवडलं गेलं. पण हजारो पानांच्या ‘पाऊस, पहारा, हगवण’ मधून एक चमकदार पान उचलायचं आणि तेच शिपायाचं मन म्हणून दाखवायचं, ही निवड संपादकाची असते, शिपायाची नसते.

आता सुरुवातीला वापरलेल्या एका शब्दाकडे येऊ. आपण मराठीत ‘सिव्हिल वॉर’ला ‘यादवी’ म्हणतो. शब्द कुठून आला हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. प्रभासक्षेत्री यादव मद्य पिऊन आपसात भांडले, लव्हाळ्याची मुसळं झाली आणि कुळ संपलं. मौसलपर्वातली ती कथा. त्या कथेत न्याय कोणाच्याच बाजूने नाही. शाप आहे, मद्य आहे, आणि भावाने भावाला मारणं आहे. म्हणजे ‘यादवी’ म्हटलं की निकाल आधीच लागलेला असतो: सगळेच वेडे झाले होते.

अमेरिकेनेही स्वतःला हळूहळू हीच गोष्ट सांगितली. १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून दोन्हीकडचे पन्नास हजारांहून अधिक म्हातारे सैनिक तिथे जमले आणि ज्या दगडी भिंतीपाशी एकमेकांना मारलं तिथे त्यांनी हस्तांदोलन केलं. डेव्हिड ब्लाइट यांनी ‘रेस अँड रीयुनियन’ या ग्रंथात दाखवलं आहे की या समेटाची किंमत कोणी मोजली. गोऱ्या शिपायाचं शौर्य आणि सोसणं दोन्हीकडे सारखं मानलं गेलं, आणि ज्यांच्या मुक्तीसाठी युद्ध झालं त्यांचे हक्क त्याच काळात दक्षिणेत काढून घेतले गेले. हार्डटॅक, कॉफी आणि तंबाखूच्या गोड आठवणींनी या समेटाला मोठा हातभार लावला. रोजचं जगणं हे इतकं निरुपद्रवी कधीच नसतं.

आणि इथे आपला संबंध येतो. या युद्धामुळे अमेरिकेचा कापूस थांबला, इंग्लंडने हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला, प्रेमचंद रायचंदांसारखे सावकारही बुडाले. मुंबईच्या बाजारपेठेसाठी हे युद्ध म्हणजे भाव होता. पण पुण्यात एक माणूस ते वेगळ्या रीतीने वाचत होता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सत्पुरुषांना, ज्यांनी काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी स्वार्थ सोडला. जोतीरावांसमोर शिपायांच्या रोजनिशा नव्हत्या. छावणीतली कॉफी कशी उकळत, हे त्यांना ठाऊक असण्याची गरज नव्हती. युद्ध कशावरून झालं हे त्यांना नेमकं कळलं होतं, १९१३ च्या गेटिसबर्गला जे सोयीस्करपणे विसरलं गेलं ते. कारण ज्या वाक्यात कर्ता लपवलेला असतो ती वाक्यं वाचण्याची सवय त्यांना इथेच लागली होती.

मग रोजनिशा वाचू नयेत का? अवश्य वाचाव्यात. या रोजनिशांनी आपल्याला युद्धाचं खरं वजन दिलं: ओले मोजे, गोवर, न आलेलं पत्र, कोरं राहिलेलं पान. ते कोणत्याही सेनापतीच्या चरित्रात मिळणार नाही. दक्षिणेच्या शिपायाच्या हालांबद्दल कळवळा वाटला तर तोही लपवायचं कारण नाही. कळवळा हा दोष नाही. पण कळवळा म्हणजे निवाडा नव्हे. माणूस थंडीने कुडकुडत होता हे खरं, आणि तो दुसऱ्या माणसाला वस्तू ठेवणाऱ्या राज्यासाठी कुडकुडत होता हेही खरं. यांतलं एक सत्य दुसऱ्याला रद्द करत नाही. दोन्ही एकाच वेळी मनात धरणं अवघड जातं, म्हणून आपण एक सोडून देतो. आणि सोडताना नेहमी तेच सोडतो जे वहीत लिहिलेलं नसतं.

मराठीत ‘यादवी’ हा शब्द रुळलेला आहे आणि तो आता बदला असं आम्ही म्हणणार नाही. आजही आपण तो सर्रास वापरला. फक्त अमेरिकेच्या या युद्धाला तो लावताना प्रभासक्षेत्र जरा बाजूला ठेवा. आणि पुढच्या वेळी एखाद्या शिपायाच्या वहीत ‘जेवण झालं’ असं वाचाल, तेव्हा थांबून विचारा, रांधलं कोणी?